परदेशी विद्यापीठातील इंग्रजीचा शिक्षक : जपानमधील वस्तुस्थिती

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहाकडे जाणाऱ्या व्हरांड्यात माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे लावलेली आहेत. त्यांतील एका छायाचित्राखाली ‘जपानमधील विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक’ अशी ओळ आहे. छायाचित्र माझे आहे. ओळ मात्र पुरती खरी नाही. मी जपानमधील विद्यापीठांत आठ वर्षे इंग्रजी शिकवले. त्यांपैकी पहिली तीन वर्षे तासिका तत्त्वावर होतो आणि नंतरची पाच वर्षे मुदतीच्या करारावर व्याख्याता होतो. ‘प्राध्यापक’ या पदावर मी एक दिवसही नव्हतो. शाळेने ती ओळ प्रेमाने लिहिली आहे आणि ती वाचून माझ्या आईला झालेला आनंद मी पाहिला आहे. म्हणून इतकी वर्षे ती दुरुस्त करावी असे मी कोणास सुचवले नाही.

यंदा संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मात्र याच विषयावर लिहायचे ठरवले. त्याला तसे कारण घडले. गेल्या दिवाळीत आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन माझ्या घरी आला. इंग्रजीत एम.ए., पुढे बी.एड., सेट उत्तीर्ण आणि दोन महाविद्यालयांत चार वर्षे तासिकांवर काम. त्याच्या हाती जपानमधील एका विद्यापीठाचे नाव छापलेले नेमणुकीचे पत्र होते. मध्यस्थाने त्यासाठी साडेचार लाख रुपये मागितले होते. आजोबांनी मजुरीच्या पैशातून घेतलेली दीड एकर जमीन गहाण टाकण्यास वडील तयार झाले होते. “भाऊ, एवढं एकदा वाचून द्या. सही करावी का नाही, तेवढं सांगा,” असे ते म्हणाले.

मी ते पत्र दोनदा वाचले. विद्यापीठाचे नाव ठळक अक्षरांत होते. वेतन कोण देणार, या रकान्यात मात्र एका कंपनीचे नाव होते. कराराची मुदत पंधरा आठवड्यांची होती.

हे पत्र खोटे नव्हते. त्यात लिहिलेले सारे काही कदाचित घडलेही असते. परंतु पत्र हाती घेणाऱ्याने त्यात जे वाचले, ते त्यात लिहिलेलेच नव्हते. ‘परदेशी विद्यापीठात नोकरी’ या एका शब्दसमूहाखाली निदान चार निरनिराळ्या प्रकारच्या नोकऱ्या असतात आणि त्यांच्या वेतनात, सुरक्षिततेत व प्रतिष्ठेत फार मोठे अंतर असते. ते अंतर येथे जपानच्या उदाहरणाने मांडतो, कारण तो देश मी आतून पाहिला आहे.

जपानमध्ये सुमारे आठशे विद्यापीठे आहेत आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक खासगी आहेत. विद्यार्थी अर्थशास्त्राचा असो, अभियांत्रिकीचा असो की परिचर्येचा, पहिल्या एक-दोन वर्षांत त्याला इंग्रजी बहुधा घ्यावेच लागते. त्यामुळे इंग्रजीच्या तासिकांची संख्या प्रचंड असते आणि त्या साऱ्या तासिका कायम नेमणुकीच्या शिक्षकांकडून घेणे संस्थांना परवडत नाही. आपल्याकडील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम केलेल्या कोणासही हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्वांत वरचा थर कायमस्वरूपी शिक्षकांचा. ते थोडे असतात. त्यांच्याकडे आठवड्याला सहा ते आठ वर्ग, संशोधनासाठी स्वतंत्र रक्कम, स्वतःची खोली, आणि त्यासोबत समित्या, सभा व प्रवेशपरीक्षांचे काम असते. या सभा जपानीत चालतात, कागदपत्रे जपानीत असतात. म्हणून या पदासाठी इंग्रजीइतकेच जपानी पाहिले जाते. हल्ली पीएच.डी. असल्याखेरीज या पदासाठी अर्ज करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

दुसरा थर मुदतबंद शिक्षकांचा. १९९७ मध्ये जपानने विद्यापीठ शिक्षकांच्या मुदतीच्या नेमणुकीसंबंधी स्वतंत्र कायदा केला. तेव्हापासून ‘निन्की’, म्हणजे मुदत, हा शब्द जाहिरातींत सर्रास दिसतो. या शिक्षकाला पूर्ण वेतन मिळते, विमा व निवृत्तिवेतन मिळते, खोलीच्या दारावर नावाची पाटीही लागते. अध्यापनाचा भार कायम शिक्षकापेक्षा पुष्कळदा अधिक असतो आणि दारावरची पाटी ठरलेल्या मार्च महिन्यात उतरते.

तिसरा थर तासिकांचा. जपानी भाषेत अशा शिक्षकाला ‘हिजोकिन’ म्हणतात. नव्वद मिनिटांच्या एका वर्गाला ‘कोमा’ हा शब्द आहे आणि सारे आर्थिक जीवन या कोम्यावर मोजले जाते. आठवड्यातील एका कोम्यासाठी महिन्याला साधारण पंचवीस ते तीस हजार येन मिळतात. दहा कोमे मिळाले तर महिन्याचे अडीच ते तीन लाख येन, म्हणजे आजच्या भावाने ढोबळमानाने दीड लाख रुपये होतात. हा आकडा गावाकडे सांगितला की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण एका विद्यापीठात दहा कोमे क्वचितच मिळतात. ते तीन-चार संस्थांत विखुरलेले असतात. सोमवारी एका शहरात, मंगळवारी दुसऱ्या शहरात, बुधवारी सकाळी एकीकडे व दुपारी दुसरीकडे, असा आठवडा आगगाडीत जातो. प्रवासखर्च बहुधा मिळतो, प्रवासाच्या वेळेचे मोल मिळत नाही. आरोग्य विम्याचा राष्ट्रीय हप्ता स्वतः भरायचा, राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचे महिन्याला सुमारे सतरा हजार येन स्वतः भरायचे. नगरपालिकेचा निवासी कर तर मागील वर्षीच्या उत्पन्नावर पुढील वर्षी येतो. ज्या वर्षी तासिका कमी झाल्या त्याच वर्षी मोठा कर भरण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. करार एकेका वर्षाचा असतो. नावनोंदणी कमी झाली की सत्र सुरू होण्याच्या तोंडावर वर्ग रद्द होतो आणि त्याबरोबर महिन्याचे तेवढे उत्पन्नही.

चौथा थर त्या पत्रातला. येथे विद्यापीठ इंग्रजीचे वर्ग घेण्याचे काम एखाद्या कंपनीला कंत्राटाने देते आणि शिक्षक कंपनीचा नोकर असतो. तो विद्यापीठाच्या आवारात शिकवतो, विद्यार्थी त्याला ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतात. परंतु विद्यापीठाच्या शिक्षकयादीत त्याचे नाव नसते. सत्र संपले की करार संपतो. पुढे कोठेही विद्यापीठीय अध्यापनाचा अनुभव म्हणून तो दाखवताना अडचण येते, कारण नेमणूक विद्यापीठाची नसते.

हे चार थर एका इमारतीत, एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या वर्गांत काम करतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. विद्यार्थ्यांनाही तो दिसत नाही.

आता मुदतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तेथेच माणसे फसतात. १ एप्रिल २०१३ पासून जपानच्या श्रमकरार कायद्यात एक दुरुस्ती लागू झाली. एकाच मालकाकडे मुदतीचे करार होत होत एकूण काळ पाच वर्षांहून अधिक झाला, तर कामगाराने मागणी करताच त्याचा करार बेमुदत करणे मालकावर बंधनकारक झाले. कायद्याचा हेतू चांगला होता. त्याचा एक परिणाम असा झाला की अनेक संस्थांनी करारातच ‘नूतनीकरण चार वेळा, एकूण कमाल पाच वर्षे’ असे वाक्य घालण्यास आरंभ केला. पाच वर्षे ओलांडलीच नाहीत तर मागणीचा प्रश्नच उद्भवत नाही! पुढे २०१४ पासून संशोधक व विद्यापीठ शिक्षकांच्या काही वर्गांसाठी ही मर्यादा पाचाऐवजी दहा वर्षांची करण्यात आली. केवळ भाषा शिकवणारा अंशकालीन शिक्षक ‘संशोधक’ ठरतो काय, यावर खटले झाले. टोकियोतील एका खासगी विद्यापीठात जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकाच्या प्रकरणी टोकियो उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो तसा ठरत नाही आणि त्याला पाच वर्षांचाच नियम लागू आहे, असा निर्णय दिला.

येथे तीन बारकावे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. बेमुदत करार आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो, आणि लेखी मागितलेला बरा. दोन करारांमध्ये सहा महिन्यांचा खंड पडला तर वर्षांची मोजणी पुन्हा एकापासून सुरू होऊ शकते. म्हणून ‘एक सत्र विश्रांती घ्या, मग पुन्हा बोलावू’ असे सांगणाऱ्याचे सौजन्य तपासून घ्यावे. आणि करार बेमुदत झाला म्हणजे माणूस कायम प्राध्यापक झाला असे नव्हे. वेतन व तासिका पूर्वीच्याच राहतात, फक्त करारावरील शेवटची तारीख पुसली जाते.

माझ्या करारात ‘कमाल पाच वर्षे’ हे वाक्य होते. सही करण्यापूर्वी मी ते वाचलेही होते. परंतु चांगले काम केले, विद्यार्थ्यांचा अभिप्राय चांगला आला, दोन शोधनिबंध छापून आले, तर काही ना काही होईल, अशी एक समजूत मनात होती. विभागप्रमुख सज्जन होते. त्यांनी पाचव्या वर्षाच्या उन्हाळ्यात मला बोलावून चहा दिला आणि पुढील मार्चनंतर काय करणार, असे अत्यंत मृदू स्वरात विचारले. त्या पदावर पुढल्या एप्रिलमध्ये दुसरा शिक्षक आला, त्याच पाच वर्षांच्या मुदतीवर. काम संपले नव्हते; माझी वर्षे संपली होती.

या व्यवस्थेमागे केवळ संस्थाचालकांचा कठोरपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९२ मध्ये जपानमध्ये अठरा वर्षे वयाच्या तरुणांची संख्या सुमारे २० लाख ५० हजार होती. आज ती ११ लाखांच्या आसपास आहे. २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक खासगी विद्यापीठांना प्रवेशाच्या ठरलेल्या जागा भरता आल्या नाहीत. दहा वर्षांनी आपल्याकडे किती विद्यार्थी असतील हे ज्या संस्थेला सांगता येत नाही, ती तीस वर्षांची नेमणूक देण्यास कचरते. जो तरुण आज तेथे जाण्याचा विचार करतो त्याने विद्यापीठाची कीर्ती पाहण्याआधी त्याच्या जागा भरतात की नाही हे पाहावे. बहुतेक विद्यापीठे आपल्या संकेतस्थळावर मंजूर जागा व प्रत्यक्ष प्रवेश यांचे आकडे देतात.

विदेशी शिक्षकाच्या कराराची कहाणी मात्र या लोकसंख्येच्या प्रश्नाहून बरीच जुनी आहे. लाफ्काडिओ हर्न हे नाव बौद्ध विषयांवरील इंग्रजी लेखन वाचणाऱ्यांना परिचित असेल. ग्रीक आई व आयरिश वडील यांचा हा मुलगा १८९० मध्ये जपानला गेला, तेथील नागरिक होऊन कोइझुमी याकुमो झाला आणि १८९६ पासून टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. विद्यार्थ्यांनी विरोध केला, तेव्हा कमी तासांची तडजोड पुढे आली. ती त्याने नाकारली. त्याच्या जागी आलेल्यांत पुढे जपानचा थोर कादंबरीकार ठरलेला नात्सुमे सोसेकी होता. १९०७ मध्ये सोसेकीही विद्यापीठ सोडून वृत्तपत्रात गेला. इंग्रजी शिकवण्यापेक्षा कादंबऱ्या लिहिणे त्याला अधिक मानवले, हे जपानी साहित्याचे भाग्य!

विदेशी व्यक्तीला राष्ट्रीय आणि सार्वजनिक विद्यापीठांत नियमित अध्यापकपद देण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला तो १९८२ मध्ये. त्याआधी विदेशी शिक्षक हा पाहुणा होता. आदराचा पाहुणा, पण पाहुणाच.

आता त्या अडसराविषयी, ज्याविषयी आपल्या वाचकांना विशेष सांगावेसे वाटते. इंग्रजी शिक्षकांच्या जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी ज्याची जन्मभाषा आहे असा उमेदवार, ही अट वारंवार आढळते. अलीकडे ‘किंवा तत्सम प्रावीण्य असलेला’ अशी जोड बहुधा दिलेली असते. ती जोड कित्येक ठिकाणी खरी असते, कित्येक ठिकाणी शोभेची असते. एका मुलाखतीत मला माझे उच्चार कोठे शिकलात असे विचारले गेले. मी शाळेचे नाव सांगितले. मुलाखत घेणाऱ्यांनी ते टिपून घेतले आणि पुढला प्रश्न माझ्या विषयाचा नव्हता, घरी कोणती भाषा बोलतो याचा होता.

जन्मावरून पात्रता ठरवणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. तरीही येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात असे मला वाटते. हा अन्याय आहे, पण तो जातीसारखा बंदिस्त नाही. त्याला वाद घालता येतो, पुरावा देता येतो आणि कधी कधी तो ऐकलाही जातो. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकात इंग्रजीच्या तीन वर्तुळांची मांडणी केली. इंग्लंड-अमेरिकेसारखे देश आतल्या वर्तुळात, भारतासारखे देश बाहेरच्या वर्तुळात आणि जपानसारखे देश विस्तारणाऱ्या वर्तुळात. भारतीय इंग्रजी ही चुकलेली ब्रिटिश इंग्रजी नसून स्वतःच्या नियमांनी चालणारी इंग्रजी आहे, हा त्यांचा आग्रह होता. जपानमध्ये या विचाराला अभ्यासू अनुयायी मिळाले. नागोया परिसरातील चुक्यो विद्यापीठाने तर २००२ मध्ये ‘जागतिक इंग्रजी’ याच नावाने शाखा सुरू केली. म्हणून माझा सल्ला असा की अर्जात आपले भारतीयत्व लपवू नये. जपानी पदवीधराला नोकरीत सिंगापूर, बंगळूर, मनिला येथील माणसांशी इंग्रजीत बोलावे लागते, आणि त्यासाठी अनेक उच्चारांची सवय असलेला, स्वतः दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी कमावलेला शिक्षक अधिक उपयोगी पडतो, असे एक परिच्छेदभर स्पष्ट लिहावे. मला ज्या दोन ठिकाणी काम मिळाले तेथे मुलाखतीत याच परिच्छेदावर प्रश्न विचारले गेले.

दुसरा प्रश्न आपल्याकडील पालक हमखास विचारतात : जपान बौद्ध देश, तेथे बौद्ध विद्यापीठेही आहेत, मग आपल्या मुलांना तेथे काही प्राधान्य मिळते काय? अशी विद्यापीठे आहेत हे खरे. क्योतोतील र्‍युकोकू विद्यापीठ आपला आरंभ १६३९ च्या पाठशाळेपासून मोजते, ओतानी विद्यापीठ १६६५ पासून. झेन तत्त्वज्ञान इंग्रजी वाचकांपर्यंत नेणारे डी. टी. सुझुकी १९२१ मध्ये ओतानी विद्यापीठात आले आणि त्याच वर्षी तेथून त्यांनी बौद्ध विषयांचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. टोकियोत कोमाझावा, ताइशो, रिश्शो ही विद्यापीठे निरनिराळ्या पंथांची आहेत. परंतु आज त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी वाणिज्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र असे सामान्य विषय शिकतात आणि इंग्रजीचा शिक्षक निवडताना त्याचा धर्म पाहिला जात नाही. पाहिला जाऊ नये हेच योग्य. मी तीन वर्षे अशा एका विद्यापीठात तासिका घेतल्या. सकाळच्या प्रार्थनेची घंटा ऐकली की आपल्या वसतिगृहातील बुद्धवंदना आठवे, एवढा लाभ मला झाला. तासिकेचा दर मात्र इतरांइतकाच होता.

वर्गातील काम कष्टाचे असते, पण ते आवडते. वर्षाचा आरंभ एप्रिलमध्ये, दोन सत्रे, प्रत्येकी साधारण पंधरा आठवडे. संभाषणाच्या वर्गात वीस ते चाळीस विद्यार्थी. प्रश्न विचारला की वर्गात जी शांतता पसरते ती अज्ञानाची नसते. चुकण्याच्या संकोचाची असते. मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात गेलेल्या माणसाला ती शांतता चांगली ओळखता येते. मी पहिल्या तासाला त्यांना सांगत असे की इंग्रजीत पहिले पूर्ण वाक्य मी मोठ्याने बोललो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. त्यानंतर दोन-तीन हात वर येत.

आता काम शोधण्याच्या वाटेविषयी. जपानमधील शैक्षणिक पदांच्या जाहिराती जेआरईसी-इन या सार्वजनिक संकेतस्थळावर येतात. ते जपान विज्ञान व तंत्रज्ञान संस्था ही शासकीय संस्था चालवते. पाहण्यास व नोंदणीस पैसे लागत नाहीत. पुढील एप्रिलच्या पूर्णवेळ जागांच्या जाहिराती बहुधा मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत येतात. तासिकांच्या जागा पुष्कळदा जाहिरातीविना, ओळखीतून भरल्या जातात, आणि ओळखी होतात त्या जपान भाषाशिक्षक संघटना, म्हणजे ‘जाल्ट’, हिच्यासारख्या संघटनांच्या स्थानिक सभांतून. यातून एक कटू गोष्ट निघते : तासिका मिळण्यासाठी माणूस आधीच जपानमध्ये असावा लागतो. भारतात बसून केलेल्या अशा अर्जास उत्तर येण्याची आशा धरू नये.

अर्जासोबत ठराविक नमुन्यातील जीवनवृत्त, अध्यापन व संशोधनाची तपशीलवार यादी, बहुधा तीन प्रकाशित निबंधांच्या प्रती आणि अध्यापनाविषयीचे स्वतःचे विचार मागतात. इंग्रजी साहित्यातील एम.ए. असणाऱ्याला येथे अडचण येते. त्यांना उपयोजित भाषाविज्ञान किंवा इंग्रजी अध्यापनशास्त्र हवे असते. निबंध कोठे छापले आहेत हे पाहिले जाते. पैसे भरून आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचा आपल्याकडे सुळसुळाट झाला आहे. त्यांतील निबंध यादीत असला तर नसलेला बरा. मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा नमुना-पाठ घ्यावा लागतो. मुलाखतीला येण्याचा खर्च सहसा उमेदवाराचाच.

म्हणून माझ्या मते आपल्या मुलामुलींसाठी खरी वाट शिक्षणातून जाते. जपान शासनाची शिष्यवृत्ती त्यांच्या वकिलातीमार्फत दरवर्षी जाहीर होते. संशोधन विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा पस्तीस वर्षांच्या आतली असते, शुल्क माफ होते, निर्वाहभत्ता व जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते. मी याच वाटेने गेलो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक मानांकनाची व कौटुंबिक उत्पन्नाची अट असते, आणि ती दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचावी. तेथील विद्यापीठातून एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्याला भाषा येते, मार्गदर्शकाची शिफारस मिळते आणि तासिका मागण्यासाठी तो तेथे हजर असतो.

मुदतीची नोकरी घेऊच नये असा माझ्या सांगण्याचा अर्थ कोणी काढू नये. बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. लंडनमधील अपुरे शिक्षण पुरे करायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. वेतनातून बचत केली, शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ती नोकरी कशासाठी व किती काळ, हे त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक होते. मी पाच वर्षांच्या करारावर सही केली तेव्हा त्याच पाच वर्षांत पीएच.डी. पूर्ण करायला हवी होती. ती मी सहाव्या वर्षासाठी ठेवली होती.

जाताना आणि येताना काही कागद सांभाळावे लागतात. विद्यापीठात शिकवण्यासाठी ‘प्राध्यापक’ नावाचा निवासी दर्जा वेगळा, शाळेसाठी वेगळा, खासगी भाषावर्गासाठी वेगळा. आपले पत्र विद्यापीठाचे असून दर्जा भलताच मागितला जात असेल तर तेथेच थांबून विचारावे. पात्रता प्रमाणपत्रासाठी जपानमधील मालक अर्ज करतो आणि त्यासाठी भारतातील मध्यस्थाची गरज नसते. तेथील निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास २०१७ पासून किमान दहा वर्षांची नोंद लागते. भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्याने दोन्ही देशांतील काळ काही अटींवर एकत्र धरता येतो. त्याऐवजी देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर भरलेल्या हप्त्यांपैकी काही रक्कम एकरकमी परत मिळते. मात्र ती घेतली की तो काळ पुढे मोजला जात नाही. माझ्या ओळखीचे दोघे हा अर्ज करायचाच विसरले. कामगार संघटनेचे सदस्य एकट्यानेही होता येते, हेही सांगून ठेवतो. जपानच्या संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला आहे आणि तो विदेशी कामगारालाही वापरता येतो. मी सदस्य झालो तो चौथ्या वर्षी. पहिल्याच वर्षी व्हायला हवे होते.

त्या दिवाळीत आम्ही तिघांनी मिळून विद्यापीठाच्या कार्यालयाला एक छोटे पत्र लिहिले. वेतन कोण देणार, निवासी दर्जा कोणता, करार पंधरा आठवड्यांनंतर पुढे चालतो काय, अनुभवाचा दाखला कोण देणार, आणि मध्यस्थाला दिलेल्या रकमेची विद्यापीठाला कल्पना आहे काय, असे पाच प्रश्न होते. नऊ दिवसांनी सभ्य उत्तर आले. वर्ग एका कंपनीकडे सोपवलेले आहेत, शिक्षकांच्या नेमणुकीशी विद्यापीठाचा संबंध नाही आणि अशा कोणत्याही रकमेविषयी आपणास माहिती नाही, असे त्यात लिहिले होते. मुलाने ते वडिलांना मराठीत वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले आणि मग जमिनीचा सातबारा घडी करून पिशवीत ठेवला.

सध्या तो उपयोजित भाषाविज्ञानाचा संशोधन-आराखडा लिहितो आहे. मराठी माध्यमातील मुलांच्या वर्गातील मौनावर. तिसरा खर्डा मागील आठवड्यात माझ्याकडे आला. त्यातील संदर्भसाहित्याचा भाग अजून कच्चा आहे, तो दुरुस्त करून परत पाठवायचा आहे. व्हरांड्यातील माझ्या छायाचित्राखालील ओळ ‘जपानमधील विद्यापीठांत इंग्रजीचे व्याख्याते, आठ वर्षे’ अशी करावी, अशी विनंती मी कार्यालयास केली आहे.